फायबरवाला टीव्ही घ्यायचा का? आधी घरात टीव्ही कोण बघतं ते बघा

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टीव्हीवर इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. वायफायवाली कंपनी घरी येते आणि म्हणते आता टीव्हीपण आमच्याकडूनच, आमच्या फायबरच्या तारेवरून घ्या, केबल बंद करा, डिश काढून टाका, आणि मग घरात वाद सुरू होतात. निवडक पत्रं घेतली आहेत, नावं दिलेली नाहीत, फक्त गाव.

डोंबिवलीहून एक ताई लिहितात: आमच्याकडे वीस वर्षांपासून केबल आहे, महिन्याला ४२० रुपये देतो. वायफाय वेगळं, ४९९ चा प्लॅन. आता वायफायवाले म्हणतात ६९९ चा प्लॅन घ्या, त्यातच साडेतीनशे चॅनल, वर ॲप फुकट, केबलची गरजच नाही. मिस्टर म्हणतात लगेच घेऊ. सासूबाई म्हणतात माझ्या सिरियलींना हात लावायचा नाही. ताई, काय करू?

ताई, सासूबाईंचं म्हणणं बाजूला सारू नका, कारण तुमच्या घरात टीव्ही खरा त्याच बघतात. पण आधी पैशाचं बोलू, कारण जाहिरातीतला आकडा आणि बिलावरचा आकडा यात नेहमी फरक असतो. ४९९ आणि ६९९ हे जीएसटीच्या आधीचे आकडे, त्यावर १८ टक्के लागतात. म्हणजे आत्ता वायफायचे तुम्ही ५८९ च्या आसपास देता, अधिक केबलचे ४२०, झाले साधारण १००९. नवा प्लॅन जीएसटी धरून ८२५ ला पडतो. वाचतात किती, तर महिन्याला १८५ च्या आसपास. वाईट नाही, पण हे एका टीव्हीचं गणित झालं. आतल्या खोलीत दुसरा टीव्ही असेल तर त्याला दुसरा बॉक्स लागणार, त्याचं भाडं किती, डिपॉझिट किती, हे त्या सेल्सवाल्याकडून व्हॉट्सॲपवर लेखी मागा. तोंडी सांगितलेलं धरू नका, कारण दुसऱ्या बॉक्सचे शे-दीडशे लागले की तुमची बहुतेक बचत तिथेच संपली.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्हाला कोणीच सांगणार नाही कारण त्यात कोणाचाच धंदा नाही. तुमचं केबलचं ४२० चं बिल उघडून बघा त्यात आहे काय. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही आणि टेलिफोनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाने बिलाचे दोन भाग पडतात, एक नेटवर्कचा चार्ज आणि दुसरा तुम्ही घेतलेल्या पे चॅनलचे, म्हणजे पैसे भरून बघायच्या चॅनलचे पैसे. नेटवर्क चार्जवर आधी १३० ची मर्यादा होती, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, आता ज्याचा तो ठरवतो, म्हणून तुमचा किती आहे ते केबलवाल्याला विचारा. समजा १३० च आहे. मग उरलेले अडीचशेच्या वर रुपये तुम्ही चॅनलचे देताय, आणि ते बहुतेक वेळा त्याने आपल्या मनाने लावून दिलेल्या पॅकचे असतात, ज्यात तुमच्या घरी कोणी कधी बघत नाही अशी अर्धी चॅनल असतात. सासूबाई बघतात ती चार मराठी चॅनल धरा, पॅकमध्ये घालता येणाऱ्या चॅनलची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, म्हणजे जास्तीत जास्त ७६, जीएसटी धरून ९० च्या आत. मिस्टरांसाठी स्पोर्ट्सचं एक टाकलं तरी तुमचं बिल २७० च्या आसपास यायला हवं. म्हणजे काहीही न बदलता, भिंतीला एकही नवीन भोक न पाडता महिन्याचे दीडशे वाचतात, नव्या प्लॅनमध्ये वाचतात जवळपास तेवढेच. केबलवाला म्हणेल सुटं चॅनल देता येत नाही. देता येतं, नियमच आहे तसा, आणि प्रत्येक पे चॅनलची सुटी किंमत त्याला दाखवावी लागते.

एवढं करूनही फायबरवाला टीव्ही घ्यायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा, हा आयपीटीव्ही आहे की ॲपवरचा टीव्ही? दिसायला दोन्ही सारखेच, बॉक्स, रिमोट, चॅनलची यादी. पण आयपीटीव्ही म्हणजे केबल आणि डिशसारखीच परवाना घेतलेली सेवा, फक्त तुमच्या इंटरनेटच्या तारेतून येणारी, तिला चॅनलच्या किमतीचे ट्रायचे सगळे नियम लागू होतात. एअरटेलने मार्च २०२५ मध्ये जी सुरू केली ती ही. बीएसएनएलचा फायबरवरचा टीव्ही आहे त्यात तर चॅनल बघितल्याचा डेटा तुमच्या प्लॅनमधून कापलाच जात नाही. ॲपवरच्या टीव्हीचं तसं नाही. तिथे चॅनल दाखवायचा करार कंपनी आणि चॅनलवाल्यांमध्ये असतो, तो संपला की चॅनल गायब, आणि तिथे ट्रायची १९ रुपयांची मर्यादाही नाही. सासूबाईंच्या सिरियलच्या मध्यावर असं झालं तर कोणाला जाब विचारणार?

आणि ॲप फुकट आहेत म्हणतात ना, ती कोणती ते बघून घ्या. झी मराठीच्या मालिका झी ५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिववर, सन मराठीच्या सन नेक्स्टवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही आता जिओहॉटस्टारवर, कारण २०२४ च्या नोव्हेंबरात त्या दोन्ही चॅनलच्या मालक कंपन्या एकत्र आल्या. म्हणजे मराठी सिरियल बघणाऱ्या घराला दोन-तीन ॲप तरी लागतात, आणि तुमच्या प्लॅनमध्ये पंचवीस-तीस ॲपची यादी असली तरी त्यात ही आहेत का ते तपासल्याशिवाय त्या यादीला काही अर्थ नाही. मी तर म्हणेन यादी हातात घेऊन सासूबाईंच्या शेजारी बसा आणि त्या संध्याकाळी ७ ते १० काय लावतात ते एकेक टिक करा.

रिमोटचंही बघा. केबलवर त्यांना नंबर पाठ असतात, बटण दाबलं की चॅनल. नव्या बॉक्समध्ये टीव्ही चालू केला की आधी जाहिराती आणि पिक्चरचे चौकोन येतात, मग लाइव्ह टीव्हीत जायचं, कधी लॉगिन उडालं की ओटीपी येतो तो तुमच्या मोबाइलवर आणि तुम्ही असता लोकलमध्ये. हे किरकोळ वाटतं पण दिवसभर घरात एकटं असणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला टीव्हीच सोबत असतो. चालू केल्यावर थेट चॅनलच लागेल असं सेटिंग बॉक्सला आहे का विचारा, काहींना असतं.

माझं सरळ मत सांगते. केबलचा पॅक छाटून लहान करा, नवा प्लॅन एक महिना सोबत चालवा, सासूबाईंना नव्यावर बसवा. महिन्याभरात त्यांनी स्वतःहून जुन्या रिमोटला हात लावला नाही तर केबल बंद करा. लावला तर नव्या प्लॅनमधून खाली या. त्या एका महिन्याचे दोन-तीनशे रुपये जास्त जातील, जाऊ देत.

मिस्टरांना एक सांगा, ॲपवर मॅच डिशपेक्षा मागे चालते, कधी काही सेकंद, कधी अर्धा मिनिट. बिल्डिंगमध्ये आधी ओरडा होतो मग आपल्याकडे विकेट पडते. ज्यांना याचा त्रास होतो त्यांना फारच होतो.

चिपळूणजवळून एक काका: जून लागला की आमची डिश जाते. नो सिग्नल. आता गावात फायबर आलंय. डिश सोडून फायबरवर टीव्ही घ्यावा का?

काका, कोकणातला हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं कारण कंपनीत नाही, पावसात आहे. घरगुती डिशला सिग्नल येतो तो केयू बँडवर, त्या लहरी इतक्या बारीक की पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. म्हणून मुसळधार लागला की चित्र आधी तुटतं आणि मग जातं, पाऊस कमी झाला की पाच-दहा मिनिटांत परत येतं. केबलवाल्याकडेही चॅनल उपग्रहावरूनच येतात पण त्याच्याकडे सी बँडच्या, म्हणजे जास्त लांब लहरींच्या, मोठाल्या छत्र्या असतात, त्यांना पाऊस फारसा बाधत नाही.

पण तुमचं वाचून मला वाटतं की नुसता पाऊस नाहीये. रिमझिमीतही जात असेल तर डिशमध्येच काहीतरी आहे. आपल्याकडे डिशचं तोंड दक्षिण ते आग्नेयेकडे असतं, त्या बाजूला गेल्या चार-पाच वर्षांत माड किंवा आंबा वाढलाय का बघा, ओली पानं सिग्नल खातात. डिशच्या तोंडाशी केबल जिथे जोडलेली असते ते कनेक्टर खारट दमट हवेत गंजतं, ते बदलायला फार पैसे लागत नाहीत. माणूस बोलवा, सिग्नलची टक्केवारी टीव्हीवर दिसते ती त्याच्यासमोर वाचा, पावसाळ्याआधीच डिश नीट वळवून घ्या. कोरड्या दिवशी जेवढा सिग्नल जास्त तेवढा पावसात टिकतो. दरवर्षी मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास दिवसा काही मिनिटं चित्र गेलं तर घाबरू नका, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, ते आपोआप जातं.

आता फायबरचं. फायबरला पाऊस लागत नाही हे खरं. पण तुमच्याकडे ती तार येते कुठून? विजेच्या खांबांवरून आणि झाडांमधून येत असेल तर पहिल्या वादळात झाड पडलं की ती तुटणार, आणि डिश दहा मिनिटांनी परत येते तशी तुटलेली फायबर परत येत नाही, माणूस यावा लागतो. दुसरं म्हणजे लाइट. पावसात लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर तुम्ही टीव्ही लावाल, राऊटर लावाल, पण ज्या लोकल वायफायवाल्याकडून लाइन घेतलीत त्याच्या बाजारातल्या पेटीला बॅकअप आहे का? नसेल तर तुमचा इन्व्हर्टर असून नसल्यासारखा. गावात ज्यांनी आधी घेतलंय अशा दोन घरी जाऊन विचारा की गेल्या जुलैत किती वेळा गेलं आणि किती दिवसांनी माणूस आला. माझ्या मते कोकणात डिश काढू नये. फायबर घ्या, मुलांना लागतंच, पण डिशवर छोटा पॅक राहू द्या. एकाच तारेवर इंटरनेट, फोन आणि टीव्ही तिन्ही टाकले आणि ती तार तुटली की पुराच्या दिवसात बातम्या कशावर बघणार? चिपळूणने जुलै २०२१ बघितलंय, तुम्हाला मी वेगळं काय सांगू.

कोल्हापूरहून: आमच्याकडे तार नाही, ५जीचा वायरलेस राऊटर गच्चीवर लावलाय, दोन टीव्ही त्यावरच चालतात. महिन्याच्या शेवटी चित्र अडकतं. कंपनी म्हणते सगळं ठीक आहे.

तुमचा डेटा संपत असणार. वायरलेसच्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला १००० जीबीची मर्यादा असते, तारेच्या फायबरला ती बहुतेक ३३०० च्या आसपास असते. ॲपवरून एचडी बघितलं तर तासाला तीन जीबीपर्यंत जातात. एक टीव्ही दिवसाला सहा तास चालला की महिन्याचे पाचशे-साडेपाचशे जीबी झाले, दोन टीव्ही म्हणजे मर्यादा ओलांडलीच, आणि मोबाइल-लॅपटॉप अजून धरलेच नाहीत. ॲपमध्ये तुमचा वापर दिसतो, वीस तारखेला बघा. मग दोन उपाय, एका टीव्हीला क्वालिटी कमी करून ठेवा, किंवा जो टीव्ही दिवसभर नुसता चालू असतो त्याला केबल किंवा डिश घ्या. दिवसभर चालणाऱ्या टीव्हीला डिशच स्वस्त, तिथे किती तास बघितलं याला पैसे नाहीत.

सातारा जिल्ह्यातून एक शेतकरी दादा: मुलगा म्हणतो महिन्याचं रिचार्ज बंद करू, फ्री डिश बसवू. खरंच काही पैसे लागत नाहीत का? क्रिकेट दिसेल का?

दादा, खरंच लागत नाहीत. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरपासून चालू आहे, छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याला शून्य. फक्त बॉक्स घेताना एमपेग ४ वाला, म्हणजे चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीचा मागा, दुकानदार जुना एमपेग २ वाला खपवतात, त्याच्यावर काही चॅनल दिसतच नाहीत. नवा टीव्ही घेणार असाल तर काही मॉडेलमध्ये ट्यूनर आतच असतो, मग नुसती छत्री पुरते.

काय दिसतं? सह्याद्री दिसतं, डीडीची बाकी चॅनल दिसतात, हिंदी करमणूक आणि बातम्या बऱ्याच. खाजगी चॅनलच्या जागांचा लिलाव होतो त्यामुळे यादी बदलत राहते. पण झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी ही मोठी पे चॅनल त्यावर नाहीत. घरात वहिनी किंवा आई रात्री आठची सिरियल बघत असतील तर मुलाला सांगा की निर्णय त्यांना विचारून घ्यायचा.

क्रिकेटचं मात्र फ्री डिशवाल्यांना नशीब चांगलं आहे. २००७ च्या कायद्याने भारताच्या महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं, भारताच्या वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात. आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खाजगी केबल आणि डिशवर नाही. म्हणून पैसे भरून घेतलेल्या डिशवर डीडीचं चॅनल लावलं तर तिथे मॅच नसते, आणि तुमच्या फुकटच्या छत्रीवर असते. कितीतरी लोकांना हे माहीत नसतं आणि ते केबलवाल्याशी भांडतात. आयपीएल मात्र या कायद्यात येत नाही, ते फ्री डिशवर मिळेल असं धरून चालू नका.

मोबाइलवर हवं असेल तर दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनची चॅनल बघता येतात. शेतावर बसून बातम्या बघायला पुरे आहे.

बेंगळुरूहून एक वाचक: इथला केबलवाला मराठी चॅनल देत नाही, दिली तर एक-दोन. आई-बाबा सहा महिने इथे राहायला येतात आणि त्यांना करमत नाही.

तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे, डिश घ्या. केबलवाला त्याच्या भागात काय खपतं ते ठेवतो, मराठी तिथे खपत नाही म्हणून नाही. डिशचा सिग्नल देशभर एकच असतो, पुण्यात जे चॅनल तेच बेंगळुरूत. आणि चॅनलची छापील किंमतही सगळीकडे एकच असते, केबल असो की डिश, राज्य कुठलंही असो. मराठी पॅक सुटा घ्या, आई-बाबा परत गेले की कंपनीला सांगून सेवा तात्पुरती थांबवा, तशी सोय असते. बिल्डिंगमध्ये छत्री लावू देत नसतील तर गच्चीवरून एकच तार सगळ्यांना देण्याची व्यवस्था सोसायटीत आहे का विचारा. आयपीटीव्हीही चालेल, पण आधी त्यांच्या यादीत मराठी बातम्यांची चॅनल आहेत का पाहा. बाबांना सिरियल नाही, बातम्याच लागणार.

पिंपरीहून: एक जण वर्षाला हजार रुपयांत हजारो चॅनल आणि सगळे ॲप देतो. मित्रांनी घेतलंय, चालतंय. घेऊ का?

नको. तो चोरीचा माल आहे. कोणत्याही चॅनलला, कोणत्याही ॲपला त्यातला रुपया जात नाही म्हणूनच ते इतकं स्वस्त आहे. वर तो तुमच्या टीव्हीत बाहेरचं ॲप टाकायला लावतो, त्याच टीव्हीत तुमचं गुगल अकाउंट असतं आणि त्याच वायफायवर घरातल्या मोबाइलचं बँकिंग. आज चालतंय, उद्या तो नंबर बंद करून जाईल, आणि तक्रार करायला कुठलंही दार नाही. मित्रांनाही सांगा.

नागपूरहून एक काकू: नवीन कंपनीवाला म्हणतो वर्षाचे पैसे एकदम भरा, दोन महिने फुकट देतो. भरू का?

काकू, आत्ता नका भरू. पहिले तीन महिने महिन्याचं महिन्याला भरा, जास्त पडलं तरी. या तीन महिन्यांत एकदा तरी काहीतरी बंद पडेल, आणि तेव्हा किती फोन केल्यावर माणूस येतो ते कळेल, ते कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. तुमच्या केबलवाल्याचा पोरगा रात्री नऊला सायकलवर येऊन वायर जोडून जात असेल तर त्याचीही किंमत धरा. वर्षाचे भरायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या, मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, घर बदललं तर नव्या पत्त्यावर सेवा नसेल तर काय, आणि बॉक्स तुमच्या मालकीचा की भाड्याचा. भाड्याचा असेल तर परत करताना पावती घ्या आणि बॉक्सचा नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी डिपॉझिट मागायला गेलात की बॉक्स जमाच झाला नाही म्हणतात. जुन्या कंपनीचा बॉक्स नव्या कंपनीला चालत नाही, ट्रायने २०२० मध्ये एकच बॉक्स सगळीकडे चालावा अशी शिफारस केली होती पण तुमच्या हातातला बॉक्स अजून त्या त्या कंपनीचाच आहे, म्हणून जुना लगेच भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. परत जावंसं वाटलं तर नवीन जोडणीचे पैसे वाचतील.